गळीत सुरू व्हायच्या आत काय घ्यायचं: व्हायब्रेशन मीटर, थर्मल कॅमेरा की ऑइल टेस्ट?

ऑफ सीझन आला की साखर कारखान्यातले मेंटेनन्सवाले मित्र हमखास विचारतात, पैसे थोडेच मंजूर झालेत, आधी काय घेऊ? माझं म्हणणं, किंमत नंतर बघा, आधी मशीनचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) बघा.

आयडी फॅन (बॉयलरचा धूर ओढणारा), इंजेक्शन पंप (कंडेन्सरला पाणी देणारा), फायबरायझर (हॅमरनं ऊस फोडणारा), म्हणजे जोरात फिरणारं जे जे आहे तिथं व्हायब्रेशनच. 15 ते 300 किलोवॅटचं मशीन पक्क्या फाउंडेशनवर असेल तर 2.8 मिमी प्रति सेकंदापर्यंत चालतं, 4.5 च्या वर गेलं की थांबवायची तयारी ठेवा. पण नुसत्या आकड्यापेक्षा तो कसा वाढतोय ते महत्त्वाचं, गेल्या महिन्यात 1.2 होता आणि आज 2.6 आहे तर लिमिटच्या आत आहे म्हणून सोडून देऊ नका. साधा पेन मीटर आकडा देतो, कारण सांगत नाही. कारण हवं तर एफएफटी अ‍ॅनालायझर (कुठल्या हर्ट्झवर किती व्हायब्रेशन आहे ते वेगळं दाखवणारा) लागतो, 1440 आरपीएमच्या मोटरला 24 हर्ट्झवर पीक दिसला तर आधी अनबॅलन्स बघा, 48 वर आणि अ‍ॅक्सियल दिशेला जास्त दिसला तर अलाइनमेंट. फायबरायझरचे हॅमर कमीजास्त झिजले की तो 1X, म्हणजे दर फेऱ्याला एकदा येणारा पीक, लगेच वर येतो.

आता मिल. रोलर फिरतो मिनिटाला चार-पाच फेरे, म्हणजे 0.08 हर्ट्झच्या आसपास, आणि साधा मीटर मोजायला सुरुवात करतो 10 हर्ट्झपासून! तो तिथं छान आकडा दाखवणार आणि आपण निवांत राहणार. मिलच्या गनमेटल बेअरिंगला तापमानच बघायचं, आणि गिअरबॉक्सला ऑइल टेस्ट. लोखंड वाढलं तर दात किंवा बेअरिंग झिजतंय, सिलिकॉन वाढलं तर बहुतेक धूळ आत जातेय, पाणी निघालं तर ब्रीदर (गिअरबॉक्समध्ये हवा ये-जा करायची वाट) आणि सील आधी बघा. सॅम्पल चालू मशीनचं, तेल गरम असताना, दरवेळी एकाच जागेवरून घ्यायचं, बंद करून ड्रेनचा गाळ बाटलीत भरला तर रिपोर्टला अर्थ नाही. रिपोर्ट यायला दिवस लागतात हा तोटा आहेच.

थर्मल कॅमेरा दिसायला भारी, पण बॉल किंवा रोलर बेअरिंग गरम होतं तोवर बराच उशीर झालेला असतो. मी स्वतः एका फॅनचं बेअरिंग संध्याकाळी हात लावून बरं म्हणून सोडलेलं आणि रात्रीत जाम झालं, अख्खी मिल थांबली, ते अजून लागतं मनाला. इलेक्ट्रिक पॅनलला मात्र कॅमेराच लागतो, तीन फेजमधला एकच लग (केबलच्या टोकाची जोडणी) तापलेला असेल तर लगेच दिसतो, फक्त लोड पाहिजे. चकचकीत बसबारवर (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर) रीडिंग खोटं येतं. आणि 12:1 ची (अंतर आणि मोजलेली जागा यांचं प्रमाण) स्वस्त तापमान मोजायची गन 12 फुटांवरून धरली तर ती फूटभर गोल जागेची सरासरी सांगते, बेअरिंगची नाही.

अल्ट्रासाउंड एअर लीक शोधायला आणि ग्रीस किती मारायचं ते ठरवायला उत्तम, पण पहिली खरेदी नको.

मी असतो तर मीटर विकत घेतला असता, ऑइल बाहेरच्या लॅबला पाठवलं असतं, कॅमेरा आणि एफएफटीवाला फुल क्रशिंगला दोन दिवस बोलावला असता. पहिल्या पंधरवड्यातली सगळी रीडिंग मात्र वहीत लिहून ठेवा, पुढं तुलना त्यांच्याशीच करायचीय.