स्नॅपचे ८० तास: नोकरी बरी, वर्कफेअर बरं, की पँट्रीत फुकट राबणं?

आमच्या ओळखीत एक काकू आहेत, वय ५८, अमेरिकेत येऊन पंचवीसेक वर्षं झाली, सिटिझन आहेत, एकट्या राहतात. ज्या दुकानात काउंटरवर होत्या ते बंद पडलं, म्हणून फूड स्टॅम्प घेतले, म्हणजे आताचं स्नॅप, कमी उत्पन्नवाल्यांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत. महिन्याला २९८ डॉलर कार्डावर येतात. तर परवा त्यांना पत्र आलं की महिन्याला ८० तास काम दाखवा, नाहीतर तीन महिन्यांनी बंद. काकू फोनवर मला म्हणाल्या, "अगं माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, आता मी अमेरिकेत येऊन तेच करू का?" हसावं की रडावं कळेना. गावाकडे रेशनच्या धान्याला कामाची अट नाही, रोजगार हमी वेगळी आणि रेशन वेगळं, त्यामुळे आपल्या लोकांना ही भानगड पटकन पचत नाही.

अट तशी जुनी आहे, १९९६ ची. धडधाकट माणूस, घरात लहान मूल नाही, तर ३६ महिन्यांत फक्त ३ महिने मदत, पुढे हवी असेल तर महिन्याला ८० तास दाखवा. पण तेव्हा ही अट वयाच्या ४९ पर्यंतच होती. २०२३ च्या कायद्याने ती हळूहळू ५४ वर नेली आणि ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने थेट ६४ वर. मुलाचं पण तसंच, आधी घरात १८ च्या आतलं मूल असलं की सूट होती, आता १४ च्या आतलं लागतं. माजी सैनिक, बेघर लोक यांची वेगळी सूट होती तीही गेली. उलट एक नवीन सूट आली ती 'इंडियन' लोकांना, ते वाचून एकाने मला मोठ्या उत्साहाने फोन केला होता, अरे बाबा ते इंडियन वेगळे, इथले मूळ रहिवासी! आपल्यातले एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा नोकरीच्या, जोडीदाराच्या, विद्यार्थ्याच्या व्हिसावाले तर यात मुळातच बसत नाहीत, आणि ग्रीन कार्डवाल्या मोठ्या माणसांना साधारण ५ वर्षं थांबावं लागतं.

आता काकूंसमोर रस्ते कोणते? पण तास मोजायला बसायच्या आधी बघायचं की आपल्याला सूट लागू होते का, हे लोक करतच नाहीत, घाबरून थेट काम शोधायला धावतात. बेकारी भत्ता चालू असेल तर सूट आहे. गुडघे, पाठ, डिप्रेशन, काहीही असो, काम झेपत नसेल आणि दवाखान्यातून तसं पत्र मिळत असेल तर सूट, आणि ते पत्र डॉक्टरचंच पाहिजे असं नाही, नर्स प्रॅक्टिशनर किंवा सोशल वर्करचंही चालतं. आजारी माणसाची जबाबदारी तुमच्यावर असेल तरी सूट, तो माणूस तुमच्याच घरात राहायला हवा असंही नाही. काकूंचा भत्ता संपलेला, तब्येत ठणठणीत, सांभाळायला कोणी नाही, त्यामुळे त्यांना यातलं काहीच लागू होत नव्हतं.

मग पहिला विचार व्हॉलंटियरिंगचा, कारण ते लगेच मिळतं. मी स्वतः शनिवारी एका फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा वाटतात तिथे, जाते, तिथे कांद्याची मोठी पोती फोडून पाच-पाच पाउंडाच्या पिशव्या भरायच्या, डब्यांच्या तारखा बघायच्या, वाकून वाकून कंबर जाते, पण माणसं चांगली आहेत. काकू म्हणाल्या मीही येते. मी म्हटलं या हो, पण आधी हिशोब करा. २९८ भागिले ८० म्हणजे तासाला पावणेचार डॉलरसुद्धा पडत नाहीत! वर बसचं भाडं आपलं. आणि कागद नीट नसेल तर ते तासही वाया. आमच्याकडे एका बाईंनी महिनाभर मनापासून काम केलं आणि पत्र नेलं की "या आमच्याकडे नियमित मदत करतात", ते परत आलं कारण त्यात तासच लिहिले नव्हते. तेव्हापासून आम्ही दाराशी एक वही ठेवली आहे, आलेली वेळ, गेलेली वेळ, सही.

वर्कफेअर, म्हणजे स्नॅपच्या ऑफिसने मदतीच्या बदल्यात लावून दिलेलं काम, हा त्याचाच भाऊ पण हिशोब पूर्णपणे वेगळा, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. वर्कफेअरमध्ये ८० तासांचा आकडा नसतोच. तुम्हाला मिळणारी रक्कम भागिले किमान वेतन, जेवढे येतील तेवढे तास. वेतन राज्याचं किंवा केंद्राचं, जे जास्त असेल ते धरायचं. म्हणजे जिथे किमान वेतन १५ डॉलर आहे, उदाहरणार्थ इलिनॉय, तिथे २९८ ला महिन्याचे १९ तास! आणि जिथे अजून २००९ पासूनचं ७.२५ च चालू आहे तिथे ४१. काम बऱ्याचदा पँट्रीसारखंच, पण एकाला ८० तास आणि दुसऱ्याला १९, कारण एक ऑफिसने लावून दिलेलं आणि दुसरं आपलं आपण गेलेलं. अडचण एवढीच की वर्कफेअर सगळीकडे चालत नाही, तुमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे का ते विचारायचं, आणि विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगेल या भ्रमात राहू नका.

नोकरीबद्दल काकूंच्या मनात मोठी भीती, की पगार सुरू झाला की कार्ड बंद. ही भीती मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकली आहे की आता कागद-पेन घेऊनच बसते. सप्टेंबर २०२६ पर्यंतच्या आकड्यांनी मांडते. समजा तासाला १५ डॉलर, भाडं ८००, बाकी काही धरायचं नाही. महिन्याला ८० तास केले तर १२०० पगार. त्यातून २० टक्के सोडतात, मग २०९ ची ठरलेली वजावट, मग भाड्याची वजावट, उरलेल्याच्या ३० टक्के तुमच्या २९८ मधून कापतात. हे सगळं करून कार्डावर २०० येतात. म्हणजे १२०० अधिक २००, आणि पँट्रीतल्या ८० तासांना नुसते २९८.

पण खरी गंमत पुढे आहे. नियमात एक बारीक वाट आहे, आठवड्याला २१७.५० डॉलर कमावणाऱ्याला, म्हणजे केंद्राचं किमान वेतन गुणिले ३० तास एवढी ज्याची कमाई आहे त्याला, कामाच्या अटीतूनच सूट. तास किती केले ते मग विचारतच नाहीत. १५ डॉलरच्या नोकरीत हे आठवड्याला साडेचौदा तासांत होतं, वीस नको! आणि वरच्याच हिशोबाने महिन्याला साधारण ९३५ पगार आणि कार्डावर २९५ च्या आसपास, कारण भाड्याची वजावट जवळजवळ सगळं गिळते. तीन डॉलर कमी, बस्स. मी काकूंना हे दोनदा करून दाखवलं तेव्हा त्यांना पटलं. स्वतःचा धंदा, म्हणजे डबे वगैरे, त्याचीही कमाई यात धरतात, पण वह्या नीट ठेवायच्या आणि घरचं अन्न विकायचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत ते आधी बघायचे.

ट्रेनिंगचा रस्ता ज्यांना पुढची नोकरी बदलायची आहे त्यांना बरा, ऑफिसच्या कार्यक्रमातून गेलात तर जाण्यायेण्याचा खर्च भरून देतात. फक्त नुसतं नोकरी शोधत फिरलो हे तिथे निम्म्याहून कमी तासांपुरतंच चालतं. कम्युनिटी कॉलेजात मात्र वय बघा. अर्धवेळ तरी ॲडमिशन असेल तर कामाच्या अटीतून सूट मिळते, हे खरं. पण १८ ते ४९ मधल्या कॉलेजवाल्यांना स्नॅपसाठी वेगळाच नियम आहे, त्यांना बहुतेक वेळा आठवड्याला २० तास पगारी काम किंवा दुसरं एखादं कारण लागतं, म्हणजे सूट मिळवायला गेले आणि कार्डच गेलं असं होऊ शकतं. पन्नाशीच्या पुढच्यांना तो नियम नाही. म्हणून काकूंना कॉलेज चाललं असतं, तिशीतल्या पुतण्याला तोच सल्ला दिला तर वाट लागेल.

तास एका ठिकाणी पुरत नसतील तर जोडता येतात, ५० नोकरीचे, ३० पँट्रीचे. आणि तीन महिने संपून बंद झालंच, तरी कुठल्याही ३० दिवसांत ८० तास पूर्ण केले की परत दार उघडतं. एक मात्र, चालू नोकरी असेल तर कंटाळून सोडू नका किंवा आठवड्याचे तास ३० च्या खाली आणू नका, साठीच्या आतल्यांना योग्य कारण नसेल तर त्याची वेगळी शिक्षा आहे.

काकूंनी शेवटी एका किराणा दुकानात आठवड्याला १५ तास धरले, २२५ डॉलर, म्हणजे २१७.५० च्या वर थोडीशी मोकळी जागा. पहिल्या आठवड्यात मालकाने तेराच तास दिले तर माझ्याकडे धावत आल्या. मी म्हटलं एका आठवड्याने आभाळ कोसळत नाही, पण पे-स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, फेकू नका. आता फ्रिजवर मॅग्नेटखाली चार लावलेल्या आहेत, दत्ताच्या कॅलेंडरशेजारी.