भाषांतराचं ॲप: चप्पल लाईनीतून साडेतीन स्टार

माझं कोल्हापुरात चप्पल लाईनीला दुकान. थोडा माल परदेशी जातो, म्हणून हे ॲप वर्षाचे पैसे भरून घेतलंय.

भाव, साईज, पत्ता, पार्सलची चौकशी यात अडत नाही. चपलेचं नाव आलं की मात्र गडबडतं. 'कापशी' लिहिलं की ह्याला कापूस दिसतो. फोटो जोडायचा आणि मोकळं व्हायचं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट; 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, माल अडकून. तेव्हापासून पाणी चढायला लागलं की गिऱ्हाईकांना आधीच कळवतो. 'पुरानं वाट लावली, माल उशिरा येईल' असं टाकलं, तर जर्मन, पोलिश, रशियन, फ्रेंच, ग्रीक, सगळीकडं मोठ्या आपत्तीचा एकच शब्द, नुसता उच्चार फिरवून: काटास्ट्रोफं, काटास्त्रोफा, कातास्त्रोफी.

शब्दावर बोट दाबून धरलं की माहिती उघडते, आणि ती लई भारी आहे. मूळ ग्रीक, 'काता' म्हणजे खाली, 'स्त्रोफी' म्हणजे वळण. नाटकाच्या शेवटच्या कलाटणीलाही हाच शब्द. जर्मन माणूस पोराच्या पसाऱ्यालाही तो वापरतो आणि त्यांचं आपत्ती निवारणाचं खातंही त्याच नावाचं. रशियनमध्ये विमान कोसळलं की हा शब्द. फ्रान्समध्ये 1982 च्या कायद्यानं सरकारनं तशी आपत्ती जाहीर केली तरच पुराचा विमा मिळतो, म्हणजे तिथं तो कागदोपत्री शब्द. आणि ग्रीकांना त्यानं 1922 आठवतं: स्मिर्ना (आताचं तुर्कस्तानातलं इझमीर) जळालं, आशिया मायनरमधले म्हणजे आताच्या तुर्कस्तानातले लाखो ग्रीक घरदार सोडून निर्वासित झाले. अथेन्सच्या बाईंना चपला आठवडाभर उशिरा मिळणार, हे त्या शब्दात सांगायचं?

एवढं सगळं ॲपला ठाऊक आहे, पण मजकूर पाठवताना चकार शब्द काढत नाही. आपणच बोट दाबून बघायचं. दीड स्टार त्याचा कापला. मी आता सरळ 'रस्त्यावर पाणी आहे, माल उशिरा' एवढंच टाकतो, ते सगळ्या भाषांत नीट जातं.

घ्यायचं असेल तर ऑफलाइन भाषा जूनच्या आधी उतरवून ठेवा. पुरात पहिलं नेट जातं.