घरीच दुरुस्त करायची असेल तर सायकल कोणती घ्यावी?

गल्लीच्या तोंडाशी बसणारा सायकलवाला आता बराच वेळ स्कूटरची पंक्चर काढण्यात असतो. त्यामुळे पाना स्वतःच हातात घ्यावा असं अनेकांना वाटू लागलंय. तसा विचार असेल तर तो सायकल घेतानाच करायला हवा, कारण कुठली सायकल घरी किती उघडता येईल हे कारखान्यातच ठरून आलेलं असतं. इथे तीन प्रकार समोरासमोर ठेवलेत: रॉड ब्रेकची २८ इंची काळी सायकल, डिस्क ब्रेकची २१ गिअरवाली, आणि सरळ हँडलची, व्ही-ब्रेकची (केबलने ओढलेले दोन बाहू रिमला दोन्ही बाजूंनी दाबतात तो ब्रेक) बिनगिअरची सायकल. काळी सर्वांत सोपी आणि गिअरवाली सर्वांत अवघड, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

पंक्चर

घरी सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम हेच, आणि नेमकी इथेच काळी सायकल मागे पडते. तिचं मागचं चाक काढायचं म्हणजे चेनकव्हर, कॅरिअर, मडगार्डच्या काड्या, स्टँड अशी सगळी बिऱ्हाडं हलवायची. म्हणून जुने कारागीर चाक काढतच नाहीत. टायरची एक बाजू रिमबाहेर काढायची, ट्यूब ओढून हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात धरायची, बुडबुडे येतील तिथे पॉलिश पेपरने घासून सोल्युशन लावायचं, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग पॅच दाबायचा. तुम्हीही तसंच करा. पॅच दाबण्याआधी टायर आतून बोटांनी चाचपा. काटा तिथेच रुतलेला असतो आणि नवं पंक्चर त्याच जागी होतं. ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली, तर मात्र पॅच टिकत नाही. ट्यूब बदलावी लागते, म्हणजे चाक काढावंच लागतं. परत बसवताना चेनचा ताण, चाक मधोमध असणं आणि नट-वॉशरचा क्रम हे सगळं एकदम जुळवताना सुट्टीची सकाळ जाते.

गिअरवालीला क्विक रिलीज, म्हणजे नटाऐवजी हाताने उघडायची दांडी, असेल तर तेच चाक पान्याविना, दोन-चार मिनिटांत हातात येतं. आधी चेन मागच्या सर्वांत लहान दातऱ्यावर आणून ठेवायची, एवढंच पथ्य. स्वस्त गिअरवाल्या सायकलींत मागे साधे नटच असतात, तेव्हा दुकानात वाकून बघा. बिनगिअरवालीला दोन नट सोडायचे आणि ब्रेकची वाकडी नळी हाताने निसटवून दोन्ही बाहू फाकवायचे. फुगलेला टायरही मधून निघतो.

हवा कमी होतेय म्हणजे पंक्चरच झालंय असंही नाही. काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये बोटभर रबरी नळी असते, ती कडक होऊन चिरते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावा. बुडबुडा आला तर चिल्लर पैशांची नळी बदलून काम होतं. गिअरवालीला बहुधा मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो. तो पेट्रोल पंपावर भरता येतो, पण ट्यूब लहान असल्याने थोडी थोडी हवा सोडायला सांगा. दाब किती हवा ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं.

ब्रेक

रॉड ब्रेकमध्ये सगळं डोळ्यांसमोर असतं. केबल नाही, म्हणजे तुटायची भीती नाही. सळ्या, नट आणि रबरं, बस. शिवाय रबरं रिमच्या आतल्या अंगाला, चाकाच्या मधल्या तुंब्याच्या बाजूने दाबतात, त्यामुळे चाक बाजूला थोडं आऊट, म्हणजे वाकडं, असलं तरी चालून जातं. एवढं कौतुक करून झाल्यावर सांगायचं ते असं, की क्रोमच्या स्टील रिमवर पाणी पडलं की हा ब्रेक जेमतेम लागतो. हा काही बिघाड नाही, त्यामुळे कुठलाही पाना तो दुरुस्त करणार नाही. कोकणात, किंवा जिथे पावसात उतार उतरायचा आहे अशा कुठल्याही गावात, माझ्या मते काळी सायकल एवढ्या एका कारणाने बाद होते.

व्ही-ब्रेक हा घरच्या माणसाचा ब्रेक. ५ मिलिमीटरची एल-की आणि एक पक्कड एवढ्यावर केबलही बदलता येते आणि रबरंही. रबर रिमच्या मधोमध टेकलं पाहिजे. वर गेलं तर टायर कापतं, खाली गेलं तर आरे गाठायचा धोका. पावसाळ्यात रबरात अडकलेले वाळूचे कण सुईने काढत जा, नाहीतर ॲल्युमिनियमची रिमच घासली जाते. चाक आऊट झालं तर मात्र हा ब्रेक लगेच घासू लागतो. त्यामुळे आऊट काढायची चावी, म्हणजे आऱ्यांचे निपल (आऱ्याच्या रिमकडच्या टोकाचे बारीक नट) फिरवायची, घरात लागतेच. पाव-पाव फेरा फिरवायचा, घाई करायची नाही.

डिस्कमध्ये दोन जाती. केबलवर चालणारी डिस्क घरी सांभाळता येते. तेलावर चालणारीची पॅड बदलता येतील, पण आतली हवा काढणं हे वेगळ्या किटचं आणि सरावाचं काम आहे. त्यात काही कंपन्या मिनरल ऑइल वापरतात, काही डीओटी द्रव. एकाच्या जागी दुसरं भरलं की आतली रबरी सीलं जातात. चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा दाबला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. आणि चेनवर मारलेला तेलाचा फवारा डिस्कवर उडाला तर पॅडच बदलावी लागतात. पहिल्यांदाच पाना धरणाऱ्याने तेलाच्या ब्रेकची सायकल घेऊ नये.

चेन आणि गिअर

काळ्या सायकलीची चेन पूर्ण कव्हरमध्ये असते, चिखल लागत नाही, आणि महिनोन्‌महिने तिची आठवणही येत नाही. बिनगिअरवालीची चेन अर्धी उघडी, गिअरवालीची पूर्ण उघडी. तिला पावसाळ्यात दर आठवड्याला पुसून तेल द्यावंच लागतं. निळ्या डब्यातला गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे तेल नव्हे. तो उडून जातो आणि चेन कोरडीच राहते. खोबरेल थंडीत थिजतं. चेनचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं चालेल, पण ते पहिल्या सरीत धुतलं जातं. तेल दिल्यावर वरचं फडक्याने पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटते.

चेन कधी बदलायची हे शाळेच्या पट्टीवर कळतं. नव्या चेनची एक पिन शून्यावर धरली की पुढची एक पिन नेमकी १२ इंचांवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर गिअरवालीची चेन बदला. उशीर केलात तर मागचे दातेही बदलावे लागतील. बिनगिअरच्या सायकली ३ मिलिमीटरपर्यंत ओढतात. त्यांच्या चेनची क्लिप बसवताना मिटलेलं टोक चेन ज्या दिशेला धावते तिकडे हवं.

गिअर उड्या मारू लागले की लोक घाबरून सगळे स्क्रू फिरवतात. बहुतेक वेळा केबल सैल झालेली असते, आणि मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे चेन एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागापाशी, केबलवर असलेला गोल नट अर्धा-अर्धा फेरा फिरवला की काम होतं. ‘एच’ आणि ‘एल’ लिहिलेले दोन स्क्रू चेन कुठपर्यंत जाऊ द्यायची ते ठरवतात. ते उगाच छेडू नका. सायकल उजवीकडे पडली असेल तर डिरेलर जिथे लटकतो ती ॲल्युमिनियमची पट्टी वाकते, आणि ती सरळ करायला मापाचं हत्यार लागतं. तिथे दुकान गाठा. वाकलेल्या पट्टीवर सर्वांत मोठा दातरा टाकला तर डिरेलर आऱ्यांत शिरतो.

छर्रे आणि क्रँक

इथे काळी जिंकते. वाटी, कोन, सुटे छर्रे. उघडा, रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, ग्रीस भरा, बंद करा. फक्त क्रँकची, म्हणजे पेडल बसतं त्या दांड्याची, कॉटर पिन (तो दांडा आसाला धरून ठेवणारी पिन) हातोडीशिवाय निघत नाही आणि ठोकताना तिचे आटे बसतात, म्हणून नवी पिन आधी आणून ठेवायची. दुसऱ्या दोघींत दोन क्रँकच्या मधे बंद कार्ट्रिज (आस आणि छर्रे आतच बंद असलेला तयार भाग) असेल तर ते खराब झाल्यावर आख्खं बदलायचं, त्यासाठी खास पुलर लागतो. तीन-चार वर्षांतून एकदा येणाऱ्या कामासाठी तो विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही. डावं पेडल मात्र तिन्हींत उलट्या आट्यांचं असतं.

सुटे भाग

काळ्या सायकलीचं सामान लुधियानाहून देशभर जातं आणि एका कंपनीचं दुसरीला बसतं. तालुक्याच्या बाजारातही मिळतं. नव्या सायकलींत टायरचं माप फसवतं. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ दोन्ही ‘सव्वीस’च, पण एकाची रिम ५५९ मिलिमीटरची, दुसऱ्याची ५९० ची. काळीचं २८ म्हणजे ६३५, आणि काही गिअरवाल्यांवर लिहिलेलं २८ म्हणजे ६२२. टायरवरचा तीन आकडी मिलिमीटरचा आकडा दाखवून टायर मागा.

मग घ्यायची कोणती?

सपाट गाव, ओझं वाहायचंय, पावसात फारसं निघायचं नाही, तर काळी. चढ-उताराचं किंवा लांबचं जाणं असेल तर गिअरवाली, पण केबलच्या डिस्कची किंवा व्ही-ब्रेकची, आणि मागच्या चाकाला क्विक रिलीज असलेली. गिअरचं वर्षातून एखादं काम दुकानात जाईल हे धरून चला. बाकी सगळ्यांना, म्हणजे रोज चार-पाच किलोमीटर कॉलेज, ऑफिस, बाजार करणाऱ्यांना, मी बिनगिअरवाली सांगेन. तिची हत्यारं एका डब्यात मावतात: १५ चा पाना, एल-कींचा जुडगा, दोन टायर लिव्हर, पॅचचं पाकीट, आऱ्यांची चावी, पंप. पैसे देण्याआधी दुकानदाराला मागचं चाक एकदा काढून परत बसवून दाखवायला सांगा आणि कुठला नट कुठल्या क्रमाने निघतो त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.