छोट्यांच्या संडे स्कूलसाठी घेतलेला संगीत-स्तुतीचा किट, तीन महिने वापरून झाल्यावर

आमच्या संडे स्कूलमधला सगळ्यात छोटा गट माझ्याकडे आहे, 3 ते 5 वर्षांची 14 पोरं, त्यातली दोघं अजून आईला सोडत नाहीत आणि एक जण बसतच नाही. आमचं गाणं म्हणजे मी पुढे उभी राहून हातवारे करायचे आणि त्यांनी माझ्याकडे टकामका बघायचं. म्हणून हा किट मागवला. 12 सेशन आहेत, प्रत्येकात बायबलमधली एक गोष्ट, एक वाद्य बनवायचं आणि एक गाणं. खोक्यात गोष्टींची जाड चित्रकार्डं, पेपर प्लेटा, रबरबँड, छोट्या घंट्या, रिबिनी, शिक्षकांची पुस्तिका आणि स्टिकर, म्हणजे इतके स्टिकर की मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाचं पार्सल आलं. 12 ही सेशन घेऊन झालीत, त्यामुळे हे खोकं उघडल्या उघडल्या लिहिलेलं मत नाही.

गोष्टींची निवड मला मनापासून आवडली. नेहमीचं नोहाचं तारू नाहीये, ज्या गोष्टीत खरंच वाजवलंय किंवा गायलंय त्याच घेतल्यात. तांबडा समुद्र ओलांडल्यावर डफ हातात घेणारी मिर्याम, अस्वस्थ झालेल्या शौलासाठी वीणा वाजवणारा दावीद, तुरुंगात मध्यरात्री गाणारे पौल आणि सीला. पौल-सीलाच्या वेळी खोलीत अंधार करून आधी हळू आवाजात गायचं आणि मग भूकंप म्हणून सगळ्यांनी पायांनी जमीन दणाणून सोडायची असं पुस्तिकेत आहे, ते पोरांना इतकं आवडलं की पुढचे तीन रविवार "टीचर, आज तुरुंग?" हाच प्रश्न.

यरीहोचं, म्हणजे फेऱ्या मारून आणि शिंगं फुंकून ज्या शहराची भिंत पडली त्याचं, सेशनही भारी आहे पण पुस्तिका लिहिणाऱ्याने ते स्वतः कधी पोरांबरोबर करून पाहिलंय का शंका आहे. रिकाम्या खोक्यांची भिंत रचायची, कागदाच्या सुरळीची शिंगं करायची, बाकीच्यांनी ओठावर बोट ठेवून गुपचूप चालायचं आणि 7 याजकांनी शिंगं फुंकायची, इथपर्यंत उत्तम, गोष्टीला धरूनही आहे. पण 6 दिवस रोज एक फेरी आणि सातव्या दिवशी 7, म्हणजे एकूण 13 फेऱ्या खरोखर मारायला सांगितल्यात! आमच्याकडे चौथ्या फेरीत एकाने भिंतीला लाथ घातली आणि यरीहो वेळेआधीच पडलं. दुसऱ्या वेळी मी पहिल्या 6 दिवसांच्या 3 आणि सातव्या दिवसाच्या 3 फेऱ्यांवर भागवलं, बाकीच्या फेऱ्या टाळ्या मोजून.

आता खरी तक्रार. किटची रचना अशी आहे की प्रत्येक रविवारी नवीन वाद्य बनवायचं, सजवायचं आणि त्याच दिवशी घरी पाठवायचं. 40 मिनिटांतली 25 मिनिटं चिकटवण्यात जातात, उरलेल्यात गोष्ट, आणि वाजवायला येतात जेमतेम 4 मिनिटं, तीसुद्धा गोंद ओला असताना. मग डफ घरी जातो, दोन दिवस वाजतो, तिसऱ्या दिवशी आई तो कपाटावर ठेवते (मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं). म्हणजे पोरांनी स्तुती कधी केली? त्यांनी क्राफ्ट केलं. पहिले तीन आठवडे मी मुकाट्याने पुस्तिकेप्रमाणे चालले, चौथ्या आठवड्यापासून वाद्यं घरी देणं बंद केलं. एका मोठ्या टोपलीत सगळी वाद्यं, वर्गात आल्यावर ज्याने त्याने आपलं उचलायचं, गाण्यात वाजवायचं, प्रार्थनेच्या आधी परत टोपलीत. एवढ्या एका बदलाने फरक पडला. सहाव्या आठवड्यात जो कधीच बसत नाही तो टोपलीपाशी जाऊन बसला, आपला खुळखुळा शोधत. आता यात किटचं श्रेय किती आणि टोपलीचं किती हे तुम्हीच ठरवा.

बायबलमधल्या स्तोत्र 150 चं कार्ड म्हणजे या किटचा जीव आहे. शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्यं, झांजा असं एकेक वाद्य त्या स्तोत्रात येतं, आणि कार्डावर त्या क्रमाने चित्रं आहेत, ज्याचं चित्र आलं त्याच गटाने वाजवायचं आणि शेवटी सगळ्यांनी एकदम. वाट बघणं, दुसऱ्याचं ऐकणं, आपली पाळी आली की वाजवणं, हे सगळं त्या एका खेळात आपोआप येतं. मात्र हे कार्ड पुस्तिकेत अकरावं आहे, मी असते तर पहिल्याच रविवारी काढलं असतं. तसंच स्तोत्र 136, त्यात 26 ओव्या आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी तेच पालुपद. मी पहिला भाग म्हणायचा, पोरांनी "त्याची दया सनातन आहे" म्हणत एकदा वाजवायचं. वाचता न येणाऱ्या पोरांसाठी याहून सोपी उपासना मला तरी सुचत नाही. सनातन म्हणजे काय असं एकीने विचारलं, मी म्हटलं न संपणारी, त्यावर ती म्हणाली मग आपण पण थांबायचं नाही ना, आणि खरंच थांबेना.

एका कार्डावर चक्क चूक आहे ती सांगायलाच हवी. बाटल्यांमध्ये कमीजास्त पाणी भरून चमच्याने वाजवायचं, आणि खाली लिहिलंय जास्त पाण्याचा सूर उंच. उलटं आहे! चमच्याने वाजवलं तर जास्त पाण्याची बाटली खालचा सूर देते, तोंडाने फुंकलं तरच जास्त पाण्याला उंच सूर येतो कारण तेव्हा आतली हवा वाजते आणि ती कमी उरलेली असते. मी कार्ड वाचून ठामपणे सांगितलं आणि वाजवल्यावर पोरांसमोर तोंडघशी पडले. शिवाय काचेच्या बाटल्या या वयाच्या हातात द्यायच्याच नाहीत, मी एकटीने वाजवलं. रबरबँडची वीणा मात्र बरोबर लिहिलीय, ताणला की सूर वर जातो, तेवढं पोरांना स्वतःच्या बोटाने कळतं.

घंट्यांबद्दलही जपून. किटवर "3 वर्षांपासून" छापलंय, पण त्या रिबिनीतून सहज निघतात आणि चांगल्याच छोट्या आहेत. लहान पोरांच्या खेळण्यांसाठी जे घशात अडकण्याचं माप वापरतात त्याचं तोंड साधारण 32 मिलिमीटरचं असतं, त्यात या घंट्या आरामात मावतात. तुमच्याकडे कुणाचं धाकटं भावंड सोबत येत असेल तर घंट्या दोऱ्याने पक्क्या शिवून टाका किंवा सरळ बाजूला ठेवा. खुळखुळ्यात घालायचे दाणेही तसेच, डबीचं झाकण नुसतं दाबून नाही चालत, वरून टेप हवीच.

गाण्यांच्या ऑडिओबद्दल काय बोलू. रेकॉर्डिंग सुरेख आहे, पण गाणारी बाई मोठी आणि पट्टी तिच्या सोयीची. या वयाची पोरं साधारण पेटीवरच्या पांढरी दोन ते पांढरी सहा एवढ्या सुरांतच नीट गातात, इथे अर्धं गाणं त्याच्या खाली, मग पोरं गात नाहीत, नुसती घुमतात. त्यात मागे एवढा वाद्यमेळ की पेपर प्लेटचा डफ ऐकूच येत नाही. ज्या वाद्यासाठी एवढा गोंद सांडला ते ऐकू येऊ नये? तिसऱ्या रविवारनंतर मी स्पीकर बंद केला आणि माझ्याच बेसूर आवाजात गायले, पोरांना काही फरक पडला नाही, उलट गायला लागली. लय पण जरा जलद ठेवा, मोठ्यांच्या संथ चालीवर यांचे पाय पडत नाहीत.

आणि शेवटचं सेशन, डोंगरावर देवाची वाणी ऐकणाऱ्या एलीया संदेष्ट्याचं. वारा, भूकंप, अग्नी आणि मग ती शांत मंद वाणी. वाऱ्याला रिबिनी, भूकंपाला पाय, अग्नीला कागद चुरगळणं, आणि नंतर घंट्यांची माळ गोलात एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची, एकही घंटा वाजू न देता. मला वाटलं होतं हे होणं अशक्य. पहिल्यांदा वाजली, दुसऱ्यांदा वाजली, तिसऱ्यांदा माळ 14 हातांतून फिरली आणि बाहेरच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. दारात उभी असलेली एक आई कुजबुजली, "ताई, हे घरी कसं करायचं?"

माझ्याकडून 5 पैकी साडेतीन. गोष्टींच्या कार्डांसाठी आणि त्या दोन स्तोत्रांसाठी घ्या, रंगवायची पानं आणि ऑडिओ सोडून द्या. मोठा गट असेल तर एक किट पुरत नाही, साहित्य 10 जणांचंच आहे आणि ते बाहेरून दिसत नाही, आत पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय. उरलेल्या चौघांसाठी मला आदल्या रात्री डबे शोधत बसावं लागलं. स्टिकर मात्र अजून संपले नाहीयेत, कुणाला हवे असतील तर सांगा.