भिगवणची चिलापी थाळी: चवीला फुल मार्क, पाण्याचं मात्र विचारून घ्या

पुणे-सोलापूर हायवेला भिगवणच्या आसपास मच्छीच्या खानावळी आहेत ना, त्यातल्या एकीचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, कारण जे लिहितोय ते शेजारच्या हॉटेलांनाही लागू पडेल.

आधी जेवण. बर्फावर मासे मांडलेले असतात, आपण बोट दाखवायचं, पोरगा लगेच कल्ला उचलून दाखवतो, लालभडक असला की घ्या. चिलापीला तिरप्या चिरा, त्यात आलं-लसूण आणि घरचं तिखट, वरून तांदळाचं पीठ आणि तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत. काटे मोठे असतात म्हणून पोरंटोरंपण खातात. रस्सा काळ्या मसाल्याचा, वर तर्री, ज्वारीची भाकरी गरमगरम येत राहते. चवीला एक नंबर, वाद नाही.

पण बायकोनं गाडीतच विषय काढला होता की पुण्याचं सगळं सांडपाणी इथल्या उजनी धरणातच जातं ना, मग तिथला मासा खायचा का? प्रश्न बरोबर आहे. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, सगळ्या शेवटी भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी, कारखान्यांचं पाणी, वरून शेतातलं खत. म्हणून तर उन्हाळ्यात बॅकवॉटर हिरवंगार दिसतं.

आता चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा, भारतात १९५२ ला आणला आणि मग जिथं तिथं पसरला. ऑक्सिजन कमी असला तरी चालतं, शेवाळ खातो, गाळातलंही खातो. पुण्यात पुलाखाली गळ टाकून बसणाऱ्यांना हाच मिळतो, जुने मासे गेले. त्यामुळे मासा जगलाय म्हणजे पाणी चांगलंय हे लॉजिक चिलापीला तरी लावू नका. आणि बाहेरून आलेला मासा खाऊन संपवू असं जे लोक म्हणतात ते मला पटत नाही, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात घेऊन सांभाळते, वर्षातून कितीतरी वेळा, आपण थाळ्या खाऊन काय संपवणार. उलट इथल्या मच्छीमारांची चूल तिच्यावरच पेटते.

सेफ्टीचं म्हणाल तर नीट शिजवलं की जंतू, कृमी मरतात, तेवढं तवा करतो. शिसं, कॅडमियम, पारा असलं काही तव्यावर जळत नाही. चिलापीची एक जमेची बाजू म्हणजे ती दुसरे मासे खाऊन मोठी होत नाही आणि वाढते पटकन, त्यामुळे पारा तिच्यात सहसा कमी साठतो, मरळीसारख्या शिकारी माशात जास्त. बाकीचे धातू लिव्हर, किडनी, कल्ले इकडं जास्त असतात, मांसात कमी. हिरव्या पाण्यातल्या शेवाळाचं विष असतं तेही मुख्यतः लिव्हर आणि आतड्यात, आणि ते उकळूनही जात नाही.

इथंच माझी तक्रार आहे. रश्शात मुंडकं आलं ते कल्ल्यांसकट, आणि एका तुकड्याला आतला काळा पडदा आणि लिव्हरचा तुकडा तसाच चिकटलेला. पोट नीट साफ करायला दोन मिनिटं लागतात हो. वेटरला सांगितलं तर म्हणे त्यातच तर चव असते साहेब. मी बाजूला काढून ठेवलं, तुम्हीपण ठेवा.

चिखलाचा थोडा वास येतो त्याला लोक घाबरतात, तो शेवाळ आणि गाळातल्या जंतूंमुळे येतो आणि लिंबू-चिंचेनं बराच कमी होतो. पण वास गेला म्हणजे धातू गेला असं नाही, दोन्हीचा काही संबंध नाही.

मालकांना विचारलं, मामा मासा कुठला? म्हणाले बॅकवॉटरचा, कुंभारगावच्या बाजूनं सकाळी येतो. ठीक आहे, तिथवर पाणी बरंच पसरलेलं असतं. महिन्यातून एखाद्या वेळी मी हे खाईन, पोटुशी बाई किंवा लहान पोरांना रोज मात्र नाही देणार. शहरातला, म्हणजे बंडगार्डन-मुंढव्याकडचा मासा कोणी स्वस्तात देत असेल तर तो फुकट दिला तरी नको. पाण्यावर मरून तरंगत असलेला तर अजिबातच नाही. आणि कुठं मांगूर दिला तर सरळ उठा, त्या आफ्रिकन मांगूरवर २००० पासून बंदी आहे, तरी चोरून तळ्यात कोंबडीचा कचरा घालून वाढवतात.

एक सजेशन, दर्शनी बोर्डावर "आज मासा अमुक गावचा" एवढं खडूनं लिहिलं तरी गिऱ्हाईक वाढेल.

रेटिंग: चव साडेचार, साफसफाई अडीच. पार्किंग ऐसपैस, फोनपे चालतं. रविवारी दुपारी एकच्या आत पोचा, नंतर मोठ्या चिलाप्या संपतात आणि काट्यांचीच थाळी पुढं येते. सोलकढी मागू नका, पाकिटातली आहे.