संरक्षण अधिकाऱ्याचं टेबल: घरगुती हिंसाचाराच्या सरकारी सेवेचं परीक्षण

मार खाल्लेली बाई मदतीसाठी निघाली तर तिच्यापुढे चार दारं असतात: पोलीस ठाणं, 'सखी' वन स्टॉप सेंटर, सरकारी दवाखाना आणि संरक्षण अधिकारी. पहिलं दार सगळ्यांना ठाऊक असतं. चौथं क्वचितच कोणाला माहीत असतं, आणि घर, पैसा, मुलं यांचा प्रश्न सुटतो तो तिथून. म्हणून परीक्षण मुख्यतः त्याच टेबलाचं.

हा अधिकारी महिला व बालविकास विभागाचा. घरगुती हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तरी जिल्हा-तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये राज्यांना बजावावं लागलं. बऱ्याच ठिकाणी हे पद म्हणजे दुसऱ्याच कामावरचा 'अतिरिक्त कार्यभार'. साहेब दौऱ्यावर असले की बाईची खेप फुकट. आधी फोन करून जाणं बरं.

सेवेचा गाभा म्हणजे नमुना १, अर्थात घटना अहवाल. सगळे त्याला डीआयआर म्हणतात. फॉर्म उत्तम आहे: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही छळांसाठी त्यात जागा आहे. भरण्यात मात्र हमखास गोंधळ होतो. मारहाणीपुढे खूण केली जाते, आर्थिक रकाना कोरा राहतो. पगार काढून घेणं, किराण्याला पैसे न देणं, दागिने गहाण टाकणं हे सगळं तिथेच यायला हवं. तारखेच्या जागी 'नेहमी' लिहिलं तर उलटतपासणीत ते टिकत नाही. नेमकी तारीख आठवत नसेल तर 'दिवाळीच्या आदल्या रात्री, स्वयंपाकघरात' असं लिहायला सांगावं. राहत्या घराच्या रकान्यात माहेरचा पत्ता पडला की सासरच्या घरात राहण्याचा हक्क मागताना विरोधी वकिलाला आयतं कोलीत मिळतं. आणि 'काय हवं' यापुढे 'योग्य तो न्याय मिळावा' हे वाक्य! त्याऐवजी संरक्षण आदेश, घरात राहण्याचा आदेश, भाडं, शाळेची फी, औषधं असं रकमेसह मांडलं तर न्यायालयाला आदेश देणं सोपं जातं. सही करण्याआधी अहवाल वाचून दाखवायला सांगा आणि प्रत मागून घ्या.

पुढे याच कायद्याच्या कलम १२ खाली आदेश मागणारा अर्ज दंडाधिकाऱ्याकडे जातो. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत पडावी आणि निकाल ६० दिवसांत लागावा, असं कायदा म्हणतो. हे वेळापत्रक कागदावरचं. गाडी बहुतेकदा नवऱ्याला द्यायच्या नोटिशीवर अडते. ती संरक्षण अधिकाऱ्याने २ दिवसांत बजावायची असते, पण घरच्या पत्त्यावरून 'इसम मिळून आला नाही' असा शेरा येतो आणि तारीख पुढे जाते. नोटीस नोकरीच्या ठिकाणीही बजावता येते, म्हणून दोन्ही पत्ते पहिल्याच दिवशी द्यावेत. तातडीचा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश हवा असेल तर नमुना ३ मधलं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडावं. पोटगी मागताना उत्पन्न व मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते २०२० पासून दोन्ही बाजूंना बंधनकारक आहे. आणि 'डीआयआर नाही म्हणून आदेश नाही' असं कोणी म्हणालं तर ते चूक: सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच हा मुद्दा निकाली काढला.

आता बाकीची दारं. ठाण्यात किरकोळ मारहाणीला एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद मिळते. केस झाली असं वाटून बाई घरी जाते, पण एनसीवर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तो कागद मात्र जपावा, डीआयआरला जोडायला उपयोगी पडतो. 'सासर आमच्या हद्दीत नाही' हे उत्तरही पटणारं नाही. या कायद्याखालचा अर्ज ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही चालतो, आणि या हक्कांची माहिती तिला देणं हे पोलिसांचं कामच आहे. सखी केंद्रात निवारा, समुपदेशन आणि कायदेशीर सल्ला एका छताखाली मिळतो, पण मुक्काम साधारण ५ दिवसांचा. तेवढ्यात पुढची सोय लागत नाही.

चारांत सर्वांत उजवं दार दवाखान्याचं. २००० साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीचं समुपदेशन केंद्र सुरू केलं. 'मोरीत घसरून पडले' म्हणणाऱ्या बाईच्या दंडावर बोटांचे वळ दिसले की नर्स तिला समुपदेशकाकडे पाठवते. घरी 'दवाखान्यात जाते' एवढंच सांगून निघता येतं, हा या दाराचा मोठा फायदा. डीआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तो झालेला नसेल तर रुग्णालयाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे धाडायचा, आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची, असं नियम १७ सांगतो. हा नियम कित्येक डॉक्टरांच्या गावीही नसतो. केसपेपरवर मारणाऱ्याशी असलेलं नातं लिहून घ्यावं, नुसतं 'मारहाण' नको.

आदेश मिळाला की त्याची मोफत प्रत बाईला आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला जाते. संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, शिक्षा १ वर्षापर्यंत. पण रात्री अकराला नवरा दाराशी आल्यावर ठाणे अंमलदार 'आमच्याकडे आदेश आलेलाच नाही' म्हणू शकतो. त्यामुळे आदेश हातात पडला त्याच आठवड्यात आपली एक झेरॉक्स ठाण्यात देऊन पोच घ्यावी, आवक क्रमांकासह.