पोटातील महाशिरेचा आपोआप मागोवा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा दहा खाटांचा दवाखाना आहे. गेल्या एप्रिलमध्ये घेतलेल्या सोनोग्राफी यंत्रात अधोमहाशिरेच्या, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या आणि आम्ही जिला आयव्हीसी म्हणतो त्या मोठ्या शिरेच्या, भिंतींचा आपोआप मागोवा घेण्याची सोय आहे. यंत्र स्वतःच्या पैशाने घेतले असून त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

श्वास आत घेताना ही शीर आकसते आणि सोडताना फुगते. तिचा व्यास २.१ सेंटिमीटरपर्यंत असून हुंगल्यासारखा झटकन श्वास घेतल्यावर तो निम्म्याहून अधिक घटत असेल, तर हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील दाब कमी आहे, म्हणजे शरीरात पाणी कमी असू शकते, असे मानतात. अडचण अशी की श्वासाबरोबर यकृत खाली सरकते व शीरही त्याच्यासोबत जाते, त्यामुळे एम-मोडची (एकाच रेघेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या पद्धतीची) एका जागी रोवलेली रेघ क्षणाक्षणाला शिरेचा वेगळाच भाग मोजत राहते. हे सॉफ्टवेअर प्रतिमेतील ठिपक्यांची नक्षी एका चौकटीतून पुढच्या चौकटीत शोधून रेघ शिरेसोबत नेते. मे महिन्यात उन्हात काम करून उलट्या होत आलेल्या मजुरांना सलाईन देताना पुन्हा पुन्हा मोजावे लागे, तेव्हा याचा खरा उपयोग झाला. सिस्टरांनी सकाळी घेतलेले आणि मी दुपारी घेतलेले माप एकाच जागेचे असल्याची खात्री वाटू लागली.

मात्र शीर कडेला सरकली की यंत्र फसते. नळीचा मधला छेद सुटून कडेचा छेद दिसू लागतो, नळी अरुंद भासते, आणि यंत्र ते आकसणेच समजते. म्हणून प्रोब, म्हणजे पोटावर टेकवायचा यंत्राचा भाग, आडवा धरून एकदा पाहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. पोट वायूने फुगलेले असले तर रेघ यकृताच्या शिरेला जाऊन चिकटते, तरीही पडद्यावर टक्केवारी तितक्याच ठामपणे झळकते.

सप्टेंबरमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला एक तरुण आला. यंत्राने पासष्ट टक्के आकसणे दाखवले, म्हणजे त्या आकड्यावरून शरीरात पाणी कमी. परंतु धाप लागून जोराने श्वास ओढणाऱ्याची शीर पाणी पुरेसे असतानाही आकसते, आणि त्याच्या छातीत तर घरघर होती. सलाईनचा वेग वाढवला नाही, अॅट्रोपिन हे विषावरचे औषध चालू ठेवले. व्हेंटिलेटरवरील रुग्णात तर श्वास आत जाताना शीर उलट फुगते, त्यामुळे तेथे हे निकष मी लावतच नाही.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. वीज गेली तरी तासभर काम होते. रेघ डळमळीत असेल तेव्हा आकडा दाखवूच नये, असे मी कंपनीला दोनदा कळवले. त्यानंतर आलेल्या नव्या आवृत्तीत आकड्याचा रंग तेवढा बदलला आहे.